गाडी बघण्याआधी मीटरची पेटी उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई या इलेक्ट्रिक गाडीवर पानभर लेख आला होता. फोटो सुरेख होते. लेखकाने डॅशबोर्डवरचे तीन पडदे मोजले, स्पीकर मोजले, शून्यावरून शंभरावर जायला किती सेकंद लागतात तेही घड्याळ लावून पाहिलं. पण तीस लाखांची ही गाडी रात्री उभी कुठे करायची, तिथं वीज कुठून यायची आणि ती कोणाच्या मीटरवर पडायची, यावर एक ओळ नव्हती. घोडा पारखला, पागेत डोकावलंच नाही.

मी १९८४ साली वीज मंडळात लागलो, २००५ मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या तेव्हा महावितरणकडे आलो आणि २०१९ मध्ये सहायक अभियंता म्हणून निवृत्त झालो. गाड्यांतलं मला फार कळतं असं नाही. वायर, मीटर आणि अर्थिंग एवढं कळतं. गेले नऊ महिने हीच गाडी, मोठ्या म्हणजे ७९ युनिटांच्या बॅटरीची, साताऱ्यात आमच्या दारात उभी आहे. मुलाने घेतली. तो दातांचा डॉक्टर आहे आणि आठवड्यातून एक दिवस पुण्याला बसतो. गाडी चालवतो तो, हिशेबाची वही माझ्याकडे. त्या वहीच्या आधारावर हे पत्र लिहितो आहे. लांबलं तर कात्री लावावी, पण अर्थिंगचा भाग कापू नये ही विनंती.

गाडी चांगली आहे हे आधी लिहून टाकतो, नाहीतर निवृत्त माणूस कुरकुर करतोय असं वाटायचं. बसायला ऐसपैस, आवाज नाही, रस्त्याला धरून चालते. भारत एनकॅपच्या, म्हणजे गाडी आपटून पाहण्याच्या सरकारी चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी ३२ पैकी ३२ आणि मुलांसाठी ४९ पैकी ४५ गुण मिळवून तिने पाच तारे घेतले आहेत, आणि नातवंडांना मागे बसवताना मला तीन पडद्यांपेक्षा हा आकडा जास्त आठवतो. पडद्यांचं म्हणाल तर तिसरा पडदा शेजारी बसणाऱ्यासाठी आहे. त्यावर आमच्या हिने एकदा कीर्तन लावलं, नंतर कंटाळली.

घेण्याआधी आम्ही तीन शोरूम हिंडलो. मुलाच्या हातात मोबाइल, माझ्या हातात टेप, वही आणि मल्टिमीटर. शोरूममध्ये मल्टिमीटर कशाला म्हणून मुलगा हसला. सवय, दुसरं काय! टेप मात्र कामी आली. या गाडीची लांबी ४७८९ मिलिमीटर, म्हणजे पावणेसोळा फूट. रुंदी १९०७, म्हणजे आरसे सोडून सव्वासहा फूट. आमचं फाटक साडेसात फुटांचं, त्यामुळे ती आत येते. शुक्रवार पेठेत माझ्या धाकट्या भावाच्या बोळात जात नाही; हमरस्त्याला लावून चालत जावं लागतं. दोन-दोन महिने व्हिडिओ पाहून गाडी ठरवणारी माणसं फाटकाला टेप लावत नाहीत, हे मी दोन ओळखीच्यांकडे पाहिलं. त्यातल्या एकाने नंतर कंपाउंडची भिंत तोडली.

टाटांची हॅरियर ईव्ही आम्ही तितक्याच बारकाईने पाहिली. एक चाकणची, दुसरी पिंपरीची, म्हणजे दोघींचं माहेर पुणे जिल्ह्यातच. हॅरियर ४६०७ मिलिमीटर, जवळजवळ वीतभर आखूड. तिची किंमत बाजारात आली तेव्हा २१.४९ लाखांपासून होती, हिची २१.९० लाखांपासून, आणि आमच्या मॉडेलची ३०.५० लाख, तीही चार्जर वेगळा. सुरक्षेचे गुण दोघींना अगदी सारखे. हॅरियरमध्ये दोन मोटरांचं, चारही चाकं ओढणारं मॉडेल मिळतं. ज्यांचं रान बामणोलीकडे आहे आणि पावसाळ्यात चिखलातून जायचं असतं, त्यांनी तीच पाहावी. आम्हाला डिकी मोठी हवी होती, पुण्याहून दवाखान्याचं सामान यायचं असतं. हिच्यात ६६३ लिटर जागा आहे, हॅरियरमध्ये ५०२. बाकी आमचा निर्णय बायकोच्या गुडघ्याने केला. दोन्ही गाड्यांत ती चार-चार वेळा चढली-उतरली आणि म्हणाली, "हीच." का म्हणून विचारलं तर सांगता येईना. गुडघ्याला कळलं होतं.

नावडलेलंही लिहितो. मागची काच एवढी उतरती आहे की आरशात रस्त्याची चीर दिसते. कॅमेऱ्याची सवय होईपर्यंत फाटकातून मागे घेताना मुलगा मला बाहेर उभा करायचा. शिवाय साध्यासाध्या गोष्टींसाठी पडद्यावर बोट टेकवावं लागतं. खंबाटकीच्या घाटात बोट टेकवत बसणं मला पसंत नाही. हे माझं वय बोलत असेल.

आता पल्ला. जाहिरातीत ६५६ किलोमीटर लिहितात. तो खोटा नाही, तो सरकारी चाचणीचा आकडा आहे, आणि त्या चाचणीत गाडीचा वेग ताशी ९० च्या वर जात नाही. आपला रस्ता तसा कुठे असतो? मुलगा साताऱ्याहून पुण्याला जाऊन येतो ते साधारण २२० किलोमीटर. खंबाटकीचा चढ आला, एसी आला, मोकळा रस्ता मिळाला की शंभरचा वेग आला. माझ्या वहीत या फेरीला बॅटरीचे ४७ ते ५१ टक्के खर्ची पडतात. म्हणजे हमरस्त्यावर साडेचारशे किलोमीटर धरावेत. साताऱ्यातल्या साताऱ्यात फिरलं तर पाचशेच्या वर जाते. साडेचारशे हा आकडा वाईट नाही, सकाळी निघून रात्री घरी येणाऱ्याला पुरून उरतो. ६५६ डोक्यात ठेवून नागपूरला निघालात तर वाटेत भांडण होईल.

घाटाचा हिशेब कोणी सांगत नाही, तो मी करून ठेवला आहे. माणसं आणि सामान धरून गाडी अडीच टनांची समजा. साताऱ्याहून महाबळेश्वर सुमारे साडेसहाशे मीटर उंच. एवढं वजन एवढं वर न्यायला साधारण साडेचार युनिटं जास्तीची लागतात, बॅटरीच्या पाच-सहा टक्के. उतरताना मोटर उलटी जनित्रासारखी चालते आणि त्यातला बराचसा भाग परत बॅटरीत घालते. पण एक मेख आहे. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते, मग मोटरचा तो ब्रेक नीट लागत नाही आणि सगळं काम पायाखालच्या ब्रेकवर येतं. म्हणून महाबळेश्वरच्या हॉटेलात फुकट चार्जिंग मिळालं तरी शंभर टक्के भरून घाट उतरायला लागू नका. नव्वदला थांबा.

अर्थात या गाडीच्या, लिथियम आयर्न फॉस्फेट जातीच्या बॅटरीला अधूनमधून शंभरापर्यंत भरावंही लागतं, ते घरी. तिचं व्होल्टेज ऐंशी टक्क्यांना आणि चाळीस टक्क्यांना जवळजवळ सारखंच असतं. टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवणारी नळी गढूळ झाल्यासारखं ते आहे. मग गाडीच्या संगणकाचा अंदाज हळूहळू चुकत जातो. पूर्ण भरली की त्याला पुन्हा ठिकाण सापडतं. आम्ही आठवड्यातून एकदा, पुण्याला जायच्या आदल्या रात्री, भरतो.

आता माझ्या घरचा विषय. साधा दोन किलोवॅटचा गिझर डोळ्यांपुढे आणा. तो पाव तास चालतो, म्हणून ढिला स्क्रू, बारीक वायर, जुना स्विच सगळं खपून जातं. ७.२ किलोवॅटचा चार्जर म्हणजे असे साडेतीन गिझर एकदम आणि तेही रात्रभर. तीस-एकतीस अँपिअर, आठ-दहा तास. ज्या जोडात थोडीशी ढिलाई असेल तो जोड पहाटेपर्यंत तापून काळा पडणार. पस्तीस वर्षांत जळालेली मीटरची पेटी मी किती वेळा पाहिली याची मोजदाद नाही, आणि बहुतेक वेळा दोष विजेचा नव्हता, न आवळलेल्या स्क्रूचा होता.

आमच्या घराचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज ओढायची ती मर्यादा, ५ किलोवॅट होता, सिंगल फेज. गाडी नोंदवली त्याच आठवड्यात थ्री फेजसाठी आणि भार वाढवण्यासाठी अर्ज केला. मीटरपासून पोर्चपर्यंत १८ मीटर अंतर, तिथं १० चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढली. शोरूमकडून आलेला माणूस सहाची पुरेल म्हणत होता. पुरलीही असती, पण रात्रभराच्या कामाला मी काठावरची वायर घालत नाही. चार्जरसाठी वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), वेगळा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा) आणि अर्थिंगचा वेगळा खड्डा. खड्ड्याचा रोध (तो जितका कमी तितकं चांगलं) मोजला तर अडीच ओहम आला. या सगळ्याला ३८ हजार रुपये लागले. ते चार्जरच्या किमतीत नव्हते. गाडी बाजारात आली तेव्हा कंपनीने ७.२ किलोवॅटच्या चार्जरला ५० हजार आणि ११.२ वाल्याला ७५ हजार सांगितले होते, त्याच्यावरचा हा खर्च. आपल्या लेखात 'ऑन रोड' किंमत होती. 'ऑन पोर्च' किंमत वाचकांनी स्वतः काढायची.

अर्थिंगचं मी वारंवार का म्हणतो त्याची गोष्ट सांगतो. गणपतीत आम्ही हिच्या माहेरी गेलो, गुहागरच्या अलीकडे. उंब्रजवरून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण. निघताना बॅटरी ९५ टक्के होती, घाटमाथ्यावर ७४ झाली. आणि घाट उतरून पोफळीला आलो तर ७६! मागे बसलेल्या नातवाला वाटलं की पडदा बिघडला. मी त्याला म्हटलं, डावी-उजवीकडे बघ, तू कुठे आहेस. वर कोयनेचं धरण, खाली पोफळीचं वीजघर. धरणातलं पाणी खाली येताना जे करतं तेच आपल्या गाडीने केलं. कोयनेची एकूण क्षमता १९६० मेगावॅट, आपली दोन टक्के. पोरगं घरी पोचेपर्यंत दर उताराला आकडा बघत होतं. माझ्या सगळ्या नोकरीत मला वीज इतकी सोपी करून कोणाला सांगता आली नव्हती.

तर मेहुण्याच्या घरी पोचलो. गाडीबरोबरचा पंधरा अँपिअरच्या सॉकेटला लावायचा चार्जर काढला. तो ताशी तीनेक युनिटं देतो, पूर्ण बॅटरीला सव्वीस तास लागतील, पण आम्ही चार दिवस राहणार होतो. लावला, आणि गाडीने वीज घ्यायला साफ नकार दिला. अर्थिंगचा दोष दाखवू लागली. मुलगा म्हणाला, "नाना, गाडीला काहीतरी झालंय." मी मल्टिमीटर आणला. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त असू नयेत, इथं ३८ होते. सॉकेटची तिसरी पीन उघडून वायरचा माग काढत गेलो. अर्थची हिरवी वायर भिंतीत शिरली होती, व्यवस्थित. भिंतीच्या पलीकडे ती निघतच नव्हती. वीस वर्षांपूर्वी वायरमनने वीतभर तुकडा जोडून वर गिलावा केला होता. त्याच घरात फ्रीज, पाण्याचा पंप, वॉशिंग मशीन सगळं त्या तुकड्याच्या भरवशावर चाललं होतं! मेहुणा म्हणाला, "दाजी, आजवर कोणाला काही झालं नाही." नशीब, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आरतीनंतर परसात खड्डा खणला, तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ घातलं, पाणी ओतलं, तार आणली. व्होल्टेज दीडवर आलं आणि गाडी मुकाट्याने वीज घेऊ लागली. तीस लाखांच्या गाडीने त्या घराचा खरा दोष एका मिनिटात दाखवला, हे मला आवडलं. पण हाच प्रसंग रात्री आठ वाजता, मल्टिमीटर नसलेल्या माणसावर आला तर तो गाडीला शिव्या देणार.

पुण्याला माझा भाचा आहे. त्याने आमच्या आधी इलेक्ट्रिक गाडी घेतली, कोणती ते लिहीत नाही. सोसायटीत स्वतःची पार्किंगची जागा आहे, पण ती तळघरात, आणि मीटरची खोली इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. नव्वद मीटर केबल, तीही सगळ्यांच्या छतावरून. समितीने परवानगी नाकारली. भाचा माझ्याकडे तावातावाने आला, "मामा, तुम्ही येऊन सांगा त्यांना." मी सभेला गेलो. पहिला प्रश्न आगीचा. फॉस्फेटच्या बॅटऱ्या निकेलवाल्यांपेक्षा शांत असतात, हे सांगितलं, काहींना पटलं. मग एक निवृत्त प्राध्यापक उठले आणि म्हणाले, "आज एकाला परवानगी दिली तर उद्या वीस जण मागतील. वीस जणांनी रात्री अकराला एकदम लावलं तर आमच्या ट्रान्सफॉर्मरचं काय?" वीस गुणिले सात, एकशेचाळीस किलोवॅट. मी भाच्याच्या बाजूने बोलायला गेलो होतो, पण मला प्राध्यापकांचंच म्हणणं बरोबर वाटलं. एकेकट्याने केबल ओढण्यापेक्षा सोसायटीने गाड्यांसाठी वेगळी जोडणी घ्यावी, भार आपोआप वाटून घेणारे चार्जर लावावेत, प्रत्येकाला सबमीटर द्यावा, असा कागद मी तिथंच बसून लिहून दिला. त्याला आता सात महिने झाले, कोटेशनं येताहेत. तोवर भाचा आठवड्यातून दोनदा बाहेर जाऊन, तास-दीड तास मोबाइल बघत गाडीत बसतो. गाडी झकास आहे हे तोही म्हणतो. पण सोसायटीत राहणाऱ्यांनी आधी समितीचं लेखी पत्र हातात घ्यावं, मग टोकन भरावं. गाडीविक्रेता "होऊन जाईल हो" म्हणतो. होतं, पण किती दिवसांनी ते त्याला भोगायचं नसतं.

बाहेरच्या चार्जिंगबद्दल. ही गाडी १७५ किलोवॅटपर्यंत वीज घेऊ शकते आणि वीस टक्क्यांवरून ऐंशीवर वीस मिनिटांत जाते, असं कंपनी सांगते. जाईलही. तेवढा मोठा चार्जर समोर हवा ना! आपल्या रस्त्यांवर बहुतेक ठिकाणी साठ किलोवॅटचा खांब असतो, त्याला चार्जिंगच्या दोन गन. एकटे असलात तर वीस ते ऐंशीला, म्हणजे ४७ युनिटांना, पाऊण तासावर. शेजारी दुसरी गाडी येऊन लागली की तीस-तीसची वाटणी आणि तुमचा दीड तास. मोठी टाकी अर्ध्या इंची तोटीने भरायची. एकदा आम्ही एका हॉटेलच्या आवारात चौदा टक्क्यांवर पोचलो, तर खांबाचा पडदा काळा. रखवालदार म्हणाला, "नेट नाही साहेब, दोन दिवस झाले." वीज होती, यंत्र ठीक होतं, पैसे घ्यायला इंटरनेट नव्हतं. अठरा किलोमीटरवर दुसरा मिळाला. तेव्हापासून मुलगा पंचवीसच्या खाली जाऊ देत नाही, म्हणजे साडेचारशेतले शंभर किलोमीटर भीतीपोटी वापरायचेच नाहीत. पल्ल्याचा खरा आकडा हा असा ठरतो.

टोलचं एक स्पष्ट करायला हवं, कारण शोरूममध्ये "टोल माफ" एवढंच सांगतात. राज्याच्या २०२५ च्या धोरणाप्रमाणे इलेक्ट्रिक गाड्यांना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग इथं त्या ऑगस्टपासून माफी मिळाली. सातारा-पुणे रस्त्यावर आनेवाडी आणि खेड शिवापूरला आम्ही पूर्वीसारखेच पैसे भरतो. सातारकराला त्या माफीचा उपयोग मुंबईला गेलं तर.

आता पैसे. नऊ महिन्यांत गाडी ११,२४० किलोमीटर फिरली. घरच्या सबमीटरवर १,६१० युनिटं, बाहेर ४१०. चार्ज करताना वाया जाते तीही धरून युनिटाला साडेपाच किलोमीटर पडले. घरी महिन्याला १९० युनिटं लागायची, आता ३७० लागतात. इथंच लोक फसतात. ते जुन्या बिलाला युनिटांनी भागतात, दर सात-आठ रुपये काढतात आणि त्याने गुणतात. घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होते. गाडीची युनिटं खालच्या टप्प्यात बसत नाहीत, ती शंभरच्या आणि पुढे तीनशेच्या वरच्या टप्प्यात जाऊन बसतात. वहन आकार (वीज तारांवरून आणण्याचे पैसे) आणि १६ टक्के वीज शुल्क धरून मला गाडीचं युनिट पंधरा रुपयांच्या आसपास पडलं. म्हणजे घरचे सुमारे २४ हजार, बाहेरचे युनिटाला बावीस धरून ९ हजार. एकूण ३३ हजार, किलोमीटरला तीन रुपये. जुनी डिझेलची गाडी लिटरला साडेतेरा द्यायची, तेवढ्याच अंतराला पाऊण लाखाचं डिझेल लागलं असतं.

वर्षाला पंचावन्न-साठ हजार वाचतात. चांगले आहेत. पण सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवरचा कर चाळीस टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकचा पाच होता तो पाचच राहिला, आणि दोन्हीतला फरक कमी झाला तो डिझेलच्या बाजूने. अशाच सोयींची डिझेल गाडी चार-पाच लाखांनी स्वस्त मिळत असेल तर आमच्याइतकं फिरणाऱ्याला फरक भरून यायला सात-आठ वर्षं लागतील. महिन्याला अडीच हजार किलोमीटर फिरणाऱ्याला चार. महिन्याला पाचशे फिरणाऱ्याने पैसे वाचवायला म्हणून ही गाडी घेऊ नये. आवडली म्हणून घ्यावी, त्यात काही पाप नाही. आम्ही आता छपरावर ३ किलोवॅटचं सौर बसवतो आहोत, सूर्यघर योजनेतून ७८ हजारांचं अनुदान आहे. दिवसाला बारा युनिटं म्हणजे महिन्याला साडेतीनशेच्या वर, घर आणि गाडी दोन्हींचं निघेल. हे गाडीच्या आधी करायला हवं होतं. मुलगा ऐकत नव्हता.

बॅटरीच्या आजन्म हमीबद्दल थोडंसं. ती पहिल्या खासगी मालकासाठी आहे. गाडी विकली की पुढच्या मालकाला दहा वर्षं किंवा दोन लाख किलोमीटर. 'आजन्म' म्हणजे कोणाचा जन्म, हे सही करायच्या आधी कागदावर वाचावं. चार्जिंगच्या आणि पाण्याच्या अटीही तिथंच छोट्या अक्षरात असतात.

आपल्याकडे एक मागणी आहे. पुढच्या वेळी पन्नास लाखांची असो की वीस लाखांची, इलेक्ट्रिक गाडीची परीक्षा छापताना लेखकाला ती गाडी आठवडाभर त्याच्या स्वतःच्या घरी ठेवायला सांगा. कंपनीने दिलेल्या चार्जरवर नाही, त्याच्या मीटरवर. त्याच्या सोसायटीच्या सचिवाने काय म्हटलं ते छापा. बिल आलं की त्याचा फोटो छापा. सेकंदात शंभर गाठणारे वाचक थोडे, बिल भरणारे सगळे.

आणि ज्यांच्या घरी चार्जर बसलाच आहे त्यांच्यासाठी: उन्हाळ्यात माती सुकली की अर्थिंगचा रोध वाढतो. मार्च ते मे, पंधरा दिवसांनी एकदा त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतत जा. आमच्याकडे ते काम नातवाला दिलं आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त वीज मंडळवाला,
गोडोली, सातारा

ता. क. : आपल्या लेखात चार ठिकाणी '७९ किलोवॅटची बॅटरी' असं छापलं आहे. बॅटरी किलोवॅटची नसते, किलोवॅट-तासाची असते, म्हणजे ७९ युनिटांची. किलोवॅट ही तोटीची जाडी, युनिट हे बादलीतलं पाणी. याच चुकीपायी आमच्या गल्लीतल्या एकाने मला विचारलं की एवढ्या गाडीला ७९ किलोवॅटचा मंजूर भार घ्यावा लागतो का. त्याने गाडीचा विचार सोडून दिला होता.